तुझ्या खांद्यामागचा कॅमेरा

३ मार्च, सोमवार

ताई,

पाकीट फाडलंस म्हणजे निम्मं काम झालं. फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेज पाठवला की मीच दिवसभर त्याच्याकडे बघत बसतो. म्हणून शेवटी कागद आणला. शाळा सुटल्यापासून एवढं हाताने लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

सोबत आमच्या गेमची डबी आहे. 'जिना' गेल्या महिन्यात एकदाचा बाहेर पडला, आणि लोकांना आवडलाय. घंटाघरावर एकटी पहारा देणारी बाई, तिच्या हातात लांब काठी, खालून चढून येणारे हल्लेखोर आणि तो गोल गोल जिना. सगळं तुला माहीतच आहे. फक्त एक बदल झालाय. तोही तुला माहीत आहे, कारण त्याच्यावरूनच तू चौदा महिने माझ्याशी बोललेली नाहीस.

आधी खेळणाऱ्याला ती बाई मागून दिसायची. कॅमेरा तिच्या उजव्या खांद्यामागे, वीतभर वर. तिची पाठ, तिचे पाय, काठी फिरवताना कमरेतून येणारा तुझा तो झोका, सगळं दिसायचं. आता कॅमेरा तिच्या डोळ्यांत बसवलाय. खेळणारा म्हणजेच ती, त्यामुळे दिसतात फक्त दोन हात आणि काठी. त्या बाईला तुझ्या हालचाली द्यायला तू तीन आठवडे तो अंगाला चिकटणारा काळा सूट घालून, त्यावर त्रेपन्न करड्या गोट्या लावून घेऊन छतावरच्या कॅमेऱ्यांसमोर ज्या उड्या मारल्यास, जे पवित्रे घेतलेस, त्यातलं आता काहीच दिसत नाही.

फोनवर सांगितलं होतं तेच परत लिहितो. हा निर्णय वरून आला, आणि तुझ्या अपघातानंतर आला. माझ्या हातात काही नव्हतं. तू पडलीस तेव्हा मी ताबडतोब धावलो होतो, हेही तुला आठवत असेल.

गुडघा कसा आहे? आई म्हणते की चालताना काठी अजून लागते. व्यायामशाळेतल्या तुझ्या मुली विचारतात का गं? "बाईंची पाठ टीव्हीवर कधी दिसणार" म्हणून तुझ्या मागे लागल्या होत्या ना? हे मी उगाच लिहिलं. खोडलं तर कागद घाण दिसेल, म्हणून राहू दे.

निदान दाजींना तरी खेळून बघायला सांग.

तू नाव ठेवलेला,
टकमक्या


१५ मार्च, शनिवार

ताई,

काल दाजींचा फोन आला.

"खेळलो रे तुझा गेम," म्हणाले. "पण यात आरसे कुठे आहेत? मागून कोण येतंय ते कळायला काहीच सोय नाही."

वीस वर्षं लोकांना गाडी शिकवलेला माणूस दुसरं काय विचारणार! मला हसू आलं. मग ते म्हणाले, "सात वेळा मेलो. सातव्या वेळी तुझी ताई स्वयंपाकघरातून आली. मी आपला जिन्यावरून कोसळत होतो. ती जागच्या जागी थांबली. म्हणाली, 'परत पडा बघू.' मी परत पडलो. तशी ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जेवायलाही आली नाही. काय टाकलंयस तू त्यात?"

मी म्हणालो, "काही नाही दाजी. साधं पडणं आहे."

 तुला कळलंय. तेव्हा आता मी सांगितलं काय आणि न सांगितलं काय, पण सांगतो.

ते पडणं तुझं आहे. नववा टेक. ज्यात तुझा गुडघा गेला, तोच.

तू दिलेल्या आधीच्या आठ टेकमध्ये तू पडायला शिकलेल्या माणसासारखी पडली होतीस. तूच मुलींना शिकवतेस ना, पडताना हनुवटी छातीला लावायची, अंगाचा गोळा करायचा. मागून बघताना ते देखणं दिसायचं. पण कॅमेरा डोळ्यांत नेला आणि त्या आठांपैकी एकेक लावून बघितला, तर नुसतं पिंपात बसून घरंगळल्यासारखं वाटत होतं. कुणाला भीती वाटेना. मग मी नववा लावला. त्यात तुझा पाय सहाव्या पायरीवर अडकला होता, आणि तू शिकलेलं सगळं विसरली होतीस. डोकं मोकळं सुटलं होतं. तुझ्या डोक्यावरच्या पाच गोट्या जशा हलल्या, तसाच मी कॅमेरा हलवला. खोलीत बसलेल्या चार जणांनी एकदम खुर्चीचे हात धरले.

आमचे साहेब म्हणाले, "हेच. याला हात लावायचा नाही."

मी हात लावला नाही. गेममध्ये मरणारा प्रत्येक माणूस आता तुझ्यासारखा पडतो. सगळे लिहितात की मेल्यावर खरंच पडल्यासारखं वाटतं. असं कुणी लिहिलेलं वाचलं की पहिल्यांदा मला छान वाटतं. हे तुला सांगायला लाज वाटते, पण छान वाटतं. बाकीचं सगळं नंतर वाटतं.

तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

टकमक्या


१८ मार्च, मंगळवार

ताई,

शनिवारचं पत्र पेटीत टाकलं आणि तसाच पेटीसमोर उभा राहिलो. आत हात घालून परत काढता आलं असतं तर काढलं असतं, ते पाठवल्याचं वाईट वाटलं म्हणून नाही. त्यात सगळ्यांत महत्त्वाचं होतं तेच मी लिहिलं नव्हतं.

तू पडलीस गुरुवारी. कॅमेरा डोळ्यांत न्यायचं ठरलं होतं सोमवारी.

आणि वरून वगैरे काही आलं नव्हतं. ती कल्पना माझी.

आधीचे काही महिने आम्ही बाहेरच्या लोकांना बोलावून गेम खेळायला देत होतो. मी त्यांच्या मागे उभा राहून बघायचो. बाई मागून दिसत असताना लोक तिची काळजी करायचे. "अगं, सांभाळ," म्हणायचे, टेकून बसायचे, मध्येच चहा प्यायचे. एकदा गंमत म्हणून मी अर्धाच मजला डोळ्यांतून दिसेल असा करून दिला. तशी एक धीट बाई खेळता खेळता उठून उभी राहिली आणि तिने भिंतीला पाठ लावली. तेव्हाच मला कळलं की आपण इतकी वर्षं चुकीच्या जागी कॅमेरा लावून बसलोय. सोमवारी मी साहेबांना ते दाखवलं. दहा मिनिटांत ठरलं. साहेब एवढंच म्हणाले, "ताईंना सांगून टाक. उरलेले दिवस उगाच अंग मोडून घ्यायला नको."

मी म्हणालो, "सांगतो."

सोमवारी मी तुला सांगितलं नाही, कारण तू सूट काढून, घामाने भिजलेली, गोट्या लावणाऱ्या काकूंना तुझ्या मुलींच्या गमती सांगत होतीस. मंगळवारी सांगितलं नाही, कारण तू नवा पवित्रा बसवून आणला होतास. बुधवारी म्हटलं, आता दोनच दिवस राहिलेत, होऊन जाऊ देत. म्हणजे तीन दिवस तू जे केलंस, ते कुणालाही दिसणार नाही हे मला माहीत होतं, आणि मी टेबलाशी बसून "छान, अजून एकदा" म्हणत होतो.

आता गुरुवार. आठवा टेक झाला आणि तू म्हणालीस, "आता बास रे. गुडघा कुरकुरतोय."

मी म्हणालो, "एकच. शेवटचा."

कशासाठी? मला त्याची गरज नव्हती. डोळ्यांतून पडायचं कसं दाखवायचं हा विचारही तोपर्यंत कुणी केला नव्हता. सगळे बघत होते. आठवर थांबलो तर तू विचारशील, आज एवढ्यात कसा समाधानी झाला हा? मी तर नेहमी नऊ-दहा घ्यायचो. नेहमीसारखं दिसावं, एवढ्यासाठी मी तुला त्या जिन्यावर परत चढवलं. तू पाठ फिरवून चढलीस, काठी खांद्यावर टाकून, कुरकुर न करता.

लहानपणापासून मी तुझी पाठच बघत आलोय. गल्लीत भांडण झालं की तू पुढे आणि मी तुझ्या उजव्या खांद्यामागे, डोळे फाडून बघत. टकमक्या हे नाव त्यातूनच पडलं. कॅमेऱ्याची ती खांद्यामागची जागा मी कुठून आणली असं सगळे विचारायचे. मी सांगायचो, खूप प्रयोग केले. एकही केला नव्हता. मला लढणारं माणूस फक्त तिथूनच माहीत होतं.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर तू पहिलं काय विचारलंस आठवतं? "टेक चांगला आला का?" मी म्हणालो, "एकदम मस्त." त्यानंतर मी दोनदाच आलो. तुला वाटलं, मला काम असेल. काम होतंच. मी तुला गेममधून काढत होतो.

टकमक्या


६ एप्रिल, रविवार

ताई,

तुझं उत्तर नाही. येऊ नये हेच बरोबर आहे. आई म्हणाली, पत्रं वाचतेस आणि उशाशी ठेवतेस. मी विचारलं, चिडलीय का. आई म्हणाली, "तिला विचार. मी काय तुमच्यातली पोस्टमन आहे?"

आज एकच गोष्ट सांगायचीय, आणि एक विचारायचीय.

त्या पडण्याच्या शेवटी, अंग खाली आपटल्यावर, बाईचं डोकं हळूच डावीकडे वळतं आणि तिथेच थांबतं. मग अंधार होतो. तू ते दोन वेळा बघितलंयस. आमच्या घंटाघरात डावीकडे नुसती भिंत आहे. खेळणाऱ्यांनी त्यावर डोकी लढवली आहेत. त्यांना वाटतं भिंतीत चोरदार आहे, म्हणूनच ती मरताना तिकडे बघते. लोक परत जिवंत होऊन त्या भिंतीवर काठी बडवत बसतात. आम्ही ऑफिसात पोट धरून हसलो.

परवा मात्र मला राहवलं नाही. तू प्रत्यक्षात कशाकडे बघत होतीस? मी टेप घेऊन आपण शूटिंग केलेल्या हॉलमध्ये गेलो. लाकडी जिना होता तिथून गादीपर्यंत, गादीपासून भिंतीपर्यंत, सगळं मोजलं. मग कॉम्प्युटरमध्ये घंटाघराच्या जागी तो हॉल उभा केला. जिना, गादी, काकूंचं स्टूल, खिडकी. माझं टेबल आणि माझी खुर्चीही ठेवली. आणि तुझ्या डोळ्यांत बसून पडलो.

डोकं डावीकडे वळलं. समोर माझी खुर्ची होती.

हॉलच्या कोपऱ्यात एक साधा कॅमेरा सगळा वेळ चालू असायचा, तुला आठवत असेल. त्याचं त्या दिवसाचं चित्रण मी इतके महिने उघडलं नव्हतं. आता उघडलं. तू गादीच्या कडेला पडली आहेस, पाय नको तसा वळलाय, आणि तू माझ्याकडे बघते आहेस. मी स्क्रीनकडे बघतोय. तिथे काळ्या पार्श्वभूमीवर त्रेपन्न ठिपके पडलेले आहेत. माझा चेहरा खुललेला आहे. मी म्हणतो, "मस्त! हाच घेऊ." काकू धावल्या, त्यांच्या हातातला डबा सांडला, गोट्या हॉलभर पसरल्या. तरी मी स्क्रीनकडेच बघतोय. मग मान वर करतो. मग उठतो.

मी मोजलं. अकरा सेकंद.

ताबडतोब धावलो होतो, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते मी खोटं म्हणून लिहिलं नव्हतं गं. मला खरंच तसंच आठवत होतं. माझ्या आठवणीत मी स्वतःला बाहेरून बघत होतो, आणि बाहेरून बघताना मी धावत होतो. तुझ्या डोळ्यांतून बघितलं तर मी बसलेला आहे.

आता विचारायचं ते. पुढच्या महिन्यात गेममध्ये दुरुस्त्या जाणार आहेत. ते पडणं काढून दुसरं घालणं माझ्या हातात आहे. साहेब ओरडतील, ओरडू देत. तू सांग, काढू की ठेवू? यावेळी तुला विचारल्याशिवाय मी माउसलाही हात लावणार नाही. विचारायला फार उशीर झालाय हे कळतं.

टकमक्या


९ मे, शुक्रवार

ताई,

दाजींनी पाठवलेलं पाकीट पोचलं. आत त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म बघून आधी वाटलं, मला गाडी शिकवायला निघालेत. मग उलटा केला, तर तुझं अक्षर. इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय, तरी इथे उतरवतो, म्हणजे मी त्यातलं सोयीचं तेवढंच लक्षात ठेवलं असं व्हायला नको.

"टकमक्या, काढू नकोस. गुडघा गेला तो गेला, निदान पडणं तरी कामाला आलं. पण ती भिंत काढ. तिथे टेबल टाक, खुर्ची टाक आणि तुला बसव. आणि मग उठव. तू उठला होतास. मला तेवढं दिसलं होतं, त्यानंतर मी डोळे मिटले. सोमवारचं मात्र मला अजून गिळवत नाही. त्याचं काय करायचं ते मी बघेन, तू त्यावर पत्रं लिहीत बसू नकोस."

बरं. सोमवारबद्दल एक अक्षर लिहीत नाही.

भिंत काढली. तिथे आता एक ओवरी आहे, त्यात टेबलाशी एक कारकून काहीतरी लिहीत बसलेला असतो. तो कसा उठतो ते घ्यायला मी स्वतः तुझा तो काळा सूट घातला. तो मला पोटावर बसेना. काकू गोट्या लावताना म्हणाल्या, "तुझी ताई तासभर खांबासारखी उभी राहायची. तू काय गुदगुल्या झाल्यासारखा करतोस?" मग हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला हाक मारली होती. ऐकू आली नव्हती ना?" मी म्हणालो, "नव्हती." खरंच नव्हती, पण त्याने माझं काही कमी होत नाही.

ताई, खुर्चीतून उठणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या टेकला मी ताडकन उठलो आणि धावलो. साहेब म्हणाले, "छान आहे." छान होतंच, पण तो मी नव्हतो. दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या टेकलाही तेच. अंग आपलं आपणच वेळेवर उठत होतं. शेवटी त्या दिवसाचं चित्रण समोर लावलं आणि त्याच्याबरोबर सेकंद मोजत केलं. आधी स्क्रीनकडे बघून हसायचं. "मस्त" म्हणायचं. बसून राहायचं. हे बसून राहणं मला जमेना, काकू तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मान वर. मग उठायचं. नऊ टेक झाले. नववा घेतला.

आता भांडण उरलं वेळेचं. गेममध्ये पडल्यानंतर चार सेकंदांनी अंधार होतो आणि माणूस अकराव्या सेकंदाला उठतो. साहेब म्हणाले, "त्याला तिसऱ्या सेकंदाला उठव, सोपं आहे." मी नाही म्हणालो. ते चिडले, "मेल्यावर अकरा सेकंद बघत बसायला रिकामं कोण आहे?" दोन दिवस आमची जुंपली. शेवटी असं ठरलं की अंधार आपोआप करायचा नाही. बटण दाबलं की होईल. घाईतला माणूस लगेच दाबून परत लढायला जातो, आणि बहुतेक सगळे घाईतच असतात. जो पडून राहील आणि तिकडे बघत राहील, त्यालाच तो उठलेला दिसतो.

काल हे बाहेर गेलं. संध्याकाळी दाजींचा फोन. "अरे, आज पडलो तर बटणच सापडेना. चष्मा शोधेपर्यंत तो टेबलाजवळचा माणूस उठून माझ्याकडे यायला लागला!" पहिले तेच असावेत. मी विचारलं, ताईने बघितलं का. म्हणाले, "बाजूलाच बसली होती.  नंतर तिने विचारलं, तुला रविवारी सुट्टी असते का."

असते. परवा येतोय, अकरा वाजेपर्यंत; हे पत्र उद्याच मिळावं म्हणून कुरियरने धाडतोय. खोटं बोलायला काही शिल्लक नाही, तेव्हा रिकाम्या हातानेच येईन.

एक सांगतो. दाराची बेल वाजली की गडबडीने उठू नकोस, गुडघ्याला जपून ये. अकरा सेकंद लागू देत नाहीतर अकरा मिनिटं. मी बाहेर उभा असेन, आणि दाराकडेच बघत असेन.

टकमक्या